तीन राजांचं पाणी

टोपली तीच होती. लढाई चालू असताना याच टोपलीतून मेनियाने फौजेचे तोफगोळे डोंगरावर वाहिले होते. काझलेत गावच्या सगळ्याच बायकांनी वाहिले होते, कारण पुरुष आघाडीवर होते आणि त्या चढावर खेचरंसुद्धा मान टाकायची. पट्ट्यांचे वळ तिच्या खांद्यांवर अजून होते. आता टोपलीत सुकं गवत होतं, गवतात लोकरीचं फडकं, आणि फडक्यात गुंडाळलेलं तिचं मूल. गोळ्याहून कितीतरी हलकं. मूल मेलेलं होतं, आणि त्याला डोंगरापलीकडे लुगाऊच्या मरियामाउलीकडे न्यायचं होतं.

"तू ओली बाळंतीण. ओझं मी घेते," असं सासू म्हणाली आणि टोपली पाठीला लावून चालू लागली. ओर्सोला एकदा बोलली की त्या घरात पुढे कोणी बोलत नसे. साठी उलटलेली, काटक, जिभेची तिखट बाई. गावात गायीवरून, बांधावरून तंटा झाला की दोन्हीकडचे लोक तिलाच साक्षीला बोलवायचे, कारण ही स्वतःच्या लेकाविरुद्धसुद्धा खरंच बोलणार हे साऱ्यांना ठाऊक होतं. एकदा बोललीही होती. लेकाने, म्हणजे मेनियाच्या नवऱ्याने, शेजाऱ्याचं गवत कापलं होतं, आणि हिने भर अंगणात त्याला उघडं पाडलं होतं.

तो लेक, फ्लोरेआन, लढाईतून परत आला तो छातीत विषारी धूर घेऊनच. हिवाळाभर खोकला आणि बर्फ वितळायच्या आत गेला. थोरला त्याआधीच दक्षिणेच्या आघाडीवर मातीत गेला होता. राहिलं होतं ते मेनियाच्या पोटातलं. लार्चची झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा पहाटे मेनिया बाळंत झाली. तिला मध्येच भोवळ आली. शुद्धीवर आली तेव्हा खोलीत दारूचा वास होता. सासूने आपलं अंग चोळलं असेल असं तिला वाटलं.

"मुलगा होता. मेलेलाच आला," ओर्सोला म्हणाली.

"मला काहीतरी ऐकू आलं. बारीक."

"मांजर होतं."

गावचे पाद्री चांगले होते, पण नियम त्यांनी केलेले नव्हते. ज्या मुलाला जिवंतपणी पाणी मिळालं नाही, बाप्तिस्मा झाला नाही, त्याला कबरस्तानच्या भिंतीबाहेर, मागच्या खाजकुयलीत पुरायचं. क्रूस नाही, घंटा नाही, नाव नाही. बाप भिंतीच्या आत आणि पोरगं बाहेर. आणि ही भिंत काही मातीपुरतीच नव्हती. अशी मुलं स्वर्गात जात नाहीत, ती वेगळ्याच एका जागी जातात, असं पाद्रींनी सांगितलं. घाईघाईने असंही म्हणाले की तो नरक नव्हे, तिथे यातना नसतात.

"पण देव असतो का तिथं?" ओर्सोलाने विचारलं.

"नाही."

"आई, बाप, कोणी?"

पाद्रींनी हातातलं पुस्तक मिटलं.

"मग ती नरकाची ओसरीच म्हणायची," ओर्सोला म्हणाली, आणि त्याच दिवशी टोपलीत गवत भरायला बसली.

लुगाऊचं सगळ्यांना ठाऊक होतं. पाहिलेलं कोणी नव्हतं, पण प्रत्येकीच्या आजीच्या आजीने पाहिलं होतं. मेलेलं जन्मलेलं मूल लुगाऊला न्यायचं. वेदीसमोर ठेवायचं, भोवती मेणबत्त्या लावायच्या, ओठांवर कोंबडीचं पीस ठेवायचं आणि बायकांनी गुडघ्यांवर बसून माउलीला आळवायचं. माउलीला दया आली की पीस हलायचं. गालांवर रंग यायचा. एका श्वासापुरतं मूल परत यायचं, तेवढ्यात त्याच्या डोक्यावर पाणी घालायचं, नाव ठेवायचं, आणि मग ते पुन्हा मरायचं, पण आता देवाच्या घरचं होऊन. रोममधल्यांनी हे फार पूर्वी बंद केलं होतं म्हणे. पण रोमची बातमी या डोंगरांत पोचायला पिढ्या लागत, आणि न आवडणारी बातमी पोचली तरी कोणी आत घेत नसे.

एक श्वास. त्या दोघींना देवाकडून तेवढंच हवं होतं.

पहिल्या दिवशी त्या नदीच्या कडेकडेने खोऱ्यात वर चढल्या. मेनियाच्या पायात चिंध्यांचे थर शिवून केलेले कापडी जोडे होते. दुपारपर्यंत ते ओले झाले. चालताना पोटात कळा येत होत्या, पण त्याहून वाईट होतं ते दूध. शरीराला कोणी सांगितलं नव्हतं. वेळ झाली की ते भरून येई, पोलक्यावर डाग पसरत, आणि मेनिया वाटेवरच्या दगडाआड जाऊन ते पिळून गवतावर सांडे. ओर्सोला पाठमोरी उभी राही. एकदा ती म्हणाली, कोबीचं पान बांध, सुकेल. मेनियाला ते सुकायला नको होतं. तिला का ते सांगता आलं नसतं.

दोघी फारशा बोलत नव्हत्या. मुलाचं नाव घ्यायचं नव्हतं, कारण पाण्याआधी नाव नसतं. त्याला नुसतं 'तो' म्हणायचं. 'त्याच्या' भोवतीचं गवत ओलं झालंय, 'त्याला' सावलीत ठेव. मनातल्या मनात मेनिया त्याला बापाच्या नावाने हाक मारत होती आणि प्रत्येक हाकेनंतर देवाची माफी मागत होती.

रात्र खोऱ्यातल्या शेवटच्या गावी एका ओळखीच्या बाईच्या गोठ्यात काढली. त्या बाईने टोपलीकडे एकदा पाहिलं, काही विचारलं नाही, आणि पोलेंताचा थंड झालेला मक्याचा गोळा नि खारवलेल्या पनीरचा तुकडा फडक्यात बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी फौजेची वाट सुरू झाली. ही मेनियाच्या पायाखालची. कुठल्या वळणावर पाणी आहे, कुठला दगड बसायला बरा, सगळं तिला माहीत होतं. इथे त्या बायका टोपल्या टेकून मोजे विणायच्या. इथे त्या गाणी म्हणायच्या, आणि वरून तोफ सुरू झाली की गाणं अर्धवट तोडून पळायच्या. आता वाटेवर काटेरी तारांची भेंडोळी गंजत पडली होती आणि तारांना मेंढ्यांची लोकर अडकली होती. मोर्च्यांचे खंदक अर्धे बुजले होते. पत्र्याचे डबे, फुटकी शिरस्त्राणं, तळवा निघालेला एक बूट. बुटात काहीतरी होतं. मेनियाने तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. खालचं सगळं रान सरपणासाठी तोडून नेलेलं होतं, आणि बोडक्या उतारांवर नुसते बुंधे उरले होते. वर मात्र कडे होते तसेच होते, उन्हात राखाडी आणि गुलाबी, जणू मधल्या वर्षांत इथे काही घडलंच नव्हतं. मेनियाला त्यांचा राग आला. लहानपणी हेच डोंगर तिला देवळासारखे वाटायचे.

वाटेवर एक मोठा धोंडा आला. त्यावर चुन्याने काढलेली पांढरी रेघ अजून पुसट दिसत होती. बायकांनी इथवरच यायचं. गोळे इथे उतरवायचे, पुढे शिपाई न्यायचे. एवढ्या खेपा केल्या, पण रेघेपलीकडे मेनिया कधी गेली नव्हती. ती थबकली.

"चल गं," ओर्सोला म्हणाली. "आता कोण अडवतंय?"

दुपार कलली तसं धुकं उतरलं आणि धुक्यातून भुरभुर बर्फ पडायला लागलं. पुढची वाट दिसेना. कड्यात फौजेने खोदलेली एक गुहा होती, आत फळ्यांचे माचे होते. त्या तिथे शिरल्या. ओर्सोला तारेच्या खोक्याची लाकडं मोडून जाळ करायला लागली. मेनियाने टोपली जाळापासून दूर, थंड भिंतीशी ठेवली, बाहेरून ओंजळभर बर्फ आणलं आणि मुलाभोवतीचं गवत बदलायला घेतलं. आतापर्यंत हे काम सासूच करत होती. मेनियाला तिने हात लावू दिला नव्हता.

मुलाच्या डोक्यावर बारीक विणलेली टोपी होती. मेनियाने ती नीट करायला हात घातला आणि वाकली. टोपीच्या आतून वास आला. आलुबुखाराच्या दारूचा, घरी गाळलेल्या.

ती तशीच वाकून राहिली. तो वास तिने डोळे झाकूनही ओळखला असता. घरात तसबिरीखालच्या फळीवर एक हिरवी बाटली असायची. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला चर्चमधून आणलेलं मंत्रलेलं पाणी तीत वर्षभर ठेवायचं. वीज कडाडली, गाय वेताला अडली, घरात कोणी शेवटच्या घटका मोजू लागलं की शिंपडायचं. एरवी त्या बाटलीला हात लावायचा नाही. फ्लोरेआन आजारी परतल्यावर आईने त्याची दारू तोडली होती, म्हणून त्या पठ्ठ्याने पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि बाटलीत आपला माल भरला. "देव राखण करतो, आई हात लावत नाही, यापेक्षा चांगली जागा कुठली?" असं म्हणून त्याने मेनियाला डोळा घातला होता. मेनिया इतकी हसली होती की तिला उशीत तोंड खुपसावं लागलं. त्या हिवाळ्यात हसण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"आई," मेनिया म्हणाली, "आपल्या घरात मांजर नाही. शत्रूची फौज गावात होती त्या उपासमारीच्या वर्षी आपणच ते खाल्लं."

ओर्सोलाच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.

"तो रडला होता ना?"

मग ओर्सोला बोलली. साक्ष द्यायला उभी राहिली की बोलायची त्याच आवाजात बोलली.

"दोनदा रडला. मग निळा पडायला लागला. मी म्हटलं, हा राहत नाही, पाणी द्यावं. बादली माझ्या पायाशी होती. भरलेली. अशा वेळी कोणीही द्यावं, कसलंही पाणी चालतं, डबक्यातलं चालतं, पाद्रींनी आम्हाला शिकवलंय. पण मला वाटलं, माझा शेवटचा नातू, त्याला बादलीतलं का द्यायचं? फळीवरचं चांगलं पाणी असताना?" ती थांबली. "बाटली घेतली. ओतलं. बापाच्या, पुत्राच्या, सगळे शब्द म्हटले. आणि मग वास आला. वळून बादलीत हात घातला, तेवढ्यात तो गेला. तरी ओतलं मी. मेलेल्यावर ओतून काय होतंय?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू फ्लोरेआनला शिव्या दिल्या असत्यास. बायकोच्या शिव्या कबरीत पोचतात."

मेनियाला गप्प बसता आलं असतं. म्हातारीने सगळं आपल्या आणि आपल्या लेकाच्या माथी घेतलं होतं, तिथे ते तसंच राहिलं असतं. पण सासूच्या तोंडून खरं ऐकल्यावर स्वतःच्या पोटात खोटं ठेवणं तिला जमेना.

"बाटलीत काय आहे ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तो होता तेव्हापासून. तो गेल्यावर मी ओतून टाकणार होते, खरंच टाकणार होते. मग एक दिवस बूच काढलं तर त्याच्या तोंडाचा वास आला. तसंच ठेवलं. मध्येमध्ये काढून हुंगायचे."

ओर्सोलाने तिच्याकडे पाहिलं नाही. जाळ विझत आला तरी तिने लाकूड घातलं नाही. शेवटी उठली आणि पलीकडच्या माचावर तोंड फिरवून आडवी झाली.

"उद्या टोपली तू घे," एवढंच म्हणाली.

सकाळी निरभ्र होतं. ताज्या बर्फाने खंदक, तारा, बूट सगळं झाकलं होतं आणि रांगा एकामागे एक पार क्षितिजापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. इतकं सुंदर की मेनियाला रडू फुटलं, आणि त्या सौंदर्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही हेही त्याच वेळी कळलं. तिच्या पाठीवर टोपली होती. पट्टे जुन्या वळांवर बरोबर बसले. ओर्सोला दहा पावलं पुढे चालत होती आणि मागे वळत नव्हती.

खिंडीत नव्या सरहद्दीवर एक शिपाई पहाऱ्याला होता, आपल्याच फौजेचा पण दूर दक्षिणेकडचा, थंडीने काळानिळा झालेला. तंबाखू चोरून नेताय का, त्याने विचारलं. टोपलीत काय आहे?

"माझा नातू," ओर्सोला म्हणाली.

त्याने फडकं उचललं, पाहिलं आणि पुन्हा नीट पांघरलं. मग बंदूक खांद्यावरून काढून चौकीच्या भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत तसाच उभा राहिला.

पलीकडचा उतार मेनियाने कधी पाहिला नव्हता. ज्यांना शत्रू म्हणायचं त्यांचा हा मुलूख. तिला वाटलं होतं इथे सगळं वेगळं असेल. तीच कुरणं होती, तेच वाळत घातलेलं गवत, आणि कुरणांत खड्डे, गोल, एकासारखे एक. एका घराची अर्धी भिंत नव्या दगडांची होती. हे गोळे आपल्याच बाजूने आले होते. यातले किती आपल्या टोपलीतून गेले असतील, हा विचार तिच्या मनात आला आणि मग जाईना.

लुगाऊचं चर्च लांबूनच दिसलं. मठातले एक म्हातारे फादर आवारात बटाटे काढत होते. त्या वर्षी तिकडेही खायला नव्हतं. ओर्सोला तरुणपणी या खोऱ्यात कामाला यायची, तिला त्यांची बोली येत होती. तिने टोपलीकडे बोट दाखवून काय हवंय ते सांगितलं. फादरनी हातांची माती झटकली, दोघींना आत नेलं, बाकावर बसवलं.

"बाई," ते म्हणाले, "हे बंद होऊन शंभरावर वर्षं झाली. माझ्या गुरूंच्याही आधी."

"पण पीस हलायचं ना?"

"हलायचं. मेणबत्त्यांच्या उबेने."

मेनियाने सासूकडे पाहिलं. इतके डोंगर चढून आलेली ती बाई एका वाक्यात म्हातारी झाली. तिचे हात मांडीवर उताणे पडले. चर्चमध्ये थंडी होती, माउलीचा झगा निळा होता, आणि कोणाला काही दया आलेली दिसत नव्हती.

फादरही अस्वस्थ झाले. घसा खाकरून त्यांनी विचारलं, जन्मला तेव्हा जीव होता का? घरी कोणी पाणी दिलं होतं का? दिलं असेल तर इथे काही करायची गरजच नाही, तो केव्हाच देवाघरी पोचला. ते मेनियाकडे वळले. "तू आई ना? तू सांग."

मेनियाला भाषा पुरती कळली नाही, पण प्रश्न कळला. तिने तोंड उघडलं. आपण काय सांगणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात ओर्सोलाने तिला कोपराने असं ढकललं की ती बाकावर मागे आदळली.

"ती शुद्धीवर नव्हती," ओर्सोला म्हणाली. "मी होते. जीव होता. मी पाणी दिलं."

"कसलं पाणी?"

"तीन राजांचं. मंत्रलेलं."

"वेदीवर हात ठेवून सांगाल?"

ओर्सोला उठली, वेदीपाशी गेली, हात ठेवला आणि सांगितलं. आवाज साक्षीचाच होता.

"मग एवढ्या लांब का आणलंत त्याला?"

"आमचं कबरस्तान तोफांनी उकरलंय," ती म्हणाली. "त्याला निजायला शांत जागा हवी होती."

फादरनी तिच्याकडे खूप वेळ पाहिलं. त्यांचा विश्वास बसला, की त्यांनी तो बसवून घेतला, देव जाणे. नाव काय ठेवलं, असं त्यांनी विचारलं.

"फ्लोरेआन," ओर्सोला म्हणाली. मुलाचं म्हणून ते नाव मेनियाने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलेलं ऐकलं.

आवाराच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या कबरी होत्या. फादरनी स्वतःच खड्डा खणला, बटाट्यांच्याच कुदळीने. पाणी मिळालेलं तान्हं मूल गेलं की तिकडे रडकी घंटा वाजवत नाहीत. ते सरळ देवदूत होतं, म्हणून लग्नाला वाजवतात तशी जलद, आनंदाची वाजवतात. ती वाजली. गावातल्या दोन बायका दारात आल्या आणि मेनियाकडे पाहून हसल्या, तुझं मूल स्वर्गात गेलं म्हणून. मेनियाने मान हलवली. पोलकं पुन्हा भिजलं होतं.

परतीची वाट चढताना टोपली ओर्सोलाने घेतली. खिंडीच्या अलीकडे, उन्हात तापलेल्या एका दगडावर, ती आपणहून थांबली.

"मीच सांगणार होते," मेनिया म्हणाली. "खोटं."

"माहितेय. म्हणून तर ढकललं."

"तुम्ही आयुष्यात कधी—"

"ऐक," ओर्सोला म्हणाली. "माती मिळाली त्याला, नाव मिळालं. पण वर कोणी फसत नाही. तिथे दारू ती दारूच. तो आता त्या ओसरीवर एकटा बसलाय. त्याला बसतासुद्धा येत नाही गं अजून." तिने तोंडावरून हात फिरवला. "वेदीवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याची जागा आत, नरकातच असते. मी आत, तो ओसरीवर. मध्ये एकच भिंत. रडला तर मला ऐकू येईल."

मेनिया तिच्या शेजारी दगडावर बसली.

"तुला वर नवऱ्याकडे, माझ्या फ्लोरेआनकडे जायचंय. तो वाट बघत असेल. त्याला बाटलीचं सांगू नकोस."

"आई, पाद्री माफी देतात. ईस्टरला तुम्ही कबुली दिलीत की—"

"तेच तर नकोय. कबुली द्यायची नाही. आणि माझी वेळ आली की पाद्रीला बोलवायचं नाही. बोलावलंस तर तो माफ करेल, आणि मग मी वर आणि पोर तिथं. शेवटी मी घाबरेन, पोरी. सगळी घाबरतात, मी पाहिलीत. मी मागितला तरी बोलवू नकोस. कबूल कर."

खाली दोन्ही बाजूंचे खंदक दिसत होते, आपले आणि त्यांचे, बर्फात सारखेच. मेनियाने कबूल केलं.

त्यानंतर काही वर्षं गेली. ओर्सोला दर रविवारी चर्चला जाई आणि मागच्या खांबाशी बसे. प्रभुभोजनाला उठत नसे, ईस्टरला कबुलीच्या पेटीकडे फिरकत नसे. लोक म्हणत, लेक गेले, नातू गेला, म्हातारी देवावर रुसली. पाद्रींनी दोनदा घरी येऊन विचारलं. तिने त्यांना ताक दिलं आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. हिरवी बाटली फळीवरून गेली होती. कोणी नेली ते दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

एका फेब्रुवारीत तिची छाती भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीत ऊन असताना, तिने डोळे उघडले. डोळे तिचे नव्हते. एखाद्या लहान मुलीचे असावेत तसे होते. तिने मेनियाचं मनगट पकडलं.

"पाद्रींना बोलाव."

मेनिया तिच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली.

"मेनिया, मला भीती वाटते. बोलाव ना गं."

चर्च हाकेच्या अंतरावर होतं. पाद्री घरीच होते. त्यांच्या धुराड्यातून निघणारा धूर खिडकीतून दिसत होता. मेनियाने तो धूर पाहिला. मग दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे पाहिलं.

"बोलावलंय, आई," ती म्हणाली. "निघालेत. वाटेतच आहेत."

ओर्सोला दाराकडे बघत राहिली, आणि ती बघायची थांबेपर्यंत मेनिया तिचा हात धरून बसून होती.